रतांब्याचे हात

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चुलत बहिणीचे लग्न होते. आदल्या रात्री माजघरात पेट्या उघडून आम्ही बसलो होतो. नवरीचा शालू शेजारपाजारच्या बायकांनी पाहून झाला होता, पदर उलटून जर पाहून झाली होती, आणि आता तो पुन्हा घडी घालून ठेवायचा होता. मी एक टोक धरले आणि दुसरे काकूपुढे केले. नवरीची आई ती. लग्नाआधीची ही शेवटची घडी तिच्या हातची असावी, असे मला मनापासून वाटले. काकूने हात पुढे केला, बोटे पदराला लागली आणि एक अगदी बारीक आवाज झाला, वाळक्या पानावरून मुंगळा चालत जावा तसा. चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला, दोन्ही हात आपल्या पदराखाली नेले आणि म्हणाली, "नको गो बाय, माज्या हाताक रेशीम लागता. धागे सुटतले. तूच घाल घडी."

हे तिने दुःखाने म्हटले नव्हते. आभाळ भरून आले आहे, वाळवण आत घ्या, असे सांगावे तितक्या सहजपणे ती बोलली आणि नारळ मोजायला निघून गेली. घडी मी आणि आत्याने घातली. काठाजवळ वर आलेला धागा मी सुईच्या टोकाने आत ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मांडवात तो कुणालाही दिसला नाही. लग्न नीट पार पडले, पाहुणे पांगले, मीही मुंबईला परतले. तरी कपाट उघडताना, एखादी साडी हँगरवरून काढताना, तो आवाज मला ऐकू येत राहिला. आपले हात लेकीच्या शालूला लावण्याजोगे राहिलेले नाहीत, हे काकूने स्वतःशी केव्हाच ठरवून टाकले होते, आणि आम्ही घरच्या सगळ्या बायकांनी ते मुकाट्याने मान्य केले होते.

तिचे हात पाहू दे, असे त्या रात्री कुणीही म्हटले नाही.

ते कशाने असे झाले, हे विचारण्याची गरजच नव्हती. आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. परड्यात आणि वरच्या भरडावर रतांब्याची, म्हणजे कोकमाची, वीसेक झाडे आहेत, शिवाय शेजारच्या दोन घरांची फळेही काकू घेते. एप्रिल अर्धा सरला की फळांवर लाली चढू लागते, आणि तेथून मिरगापर्यंतचे, म्हणजे जूनमधल्या मृग नक्षत्रापर्यंतचे, सात-आठ आठवडे ही तिची स्वतःची अशी वर्षाची कमाई. रतांब्याचा हंगाम आंबा-काजूपेक्षा अवघड, कारण तो पावसाला अगदी टेकलेला असतो. वळवाची एक मोठी सर आली की झाडाखाली लाल चिखल होतो आणि खळ्यात पसरलेली सोले, म्हणजे वाळत घातलेल्या साली, भिजून बुरशी धरतात. म्हणून फळ उतरवले की शक्यतो त्याच दिवशी फोडायचे. एका हातात फळ, दुसऱ्या हातात सुरी. फळाच्या दोन वाट्या करायच्या, अंगठ्याने आतला गर बियांसकट पिंपात ढकलायचा आणि साल सुपात टाकायची. गरावर मीठ पडते, त्याला पाणी सुटते, आणि त्या खारट-आंबट रसात साली बुडवून काढून खळ्यात उन्हाला लावायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. साल काळीभोर, चिवट आणि मऊसर होईपर्यंत हे चालते. बाजारात ज्याला आमसूल म्हणतात ते हे. बुडवणे, पिळणे, पसरणे, परतणे, गोळा करणे, सारे हातानेच होते.

लहानपणी आजीने घालून दिलेला एक नियम मला अजून पाठ आहे: आगळ, म्हणजे रतांब्याचा मिठात सुटलेला रस, तांब्यापितळेच्या भांड्यात ओतायचे नाही. सोलकढीसुद्धा चिनी मातीच्या बरणीतून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात यायची. पितळेच्या पातेल्याला तिचा स्पर्श झाला तर आजी कढी टाकून द्यायची. रस भांडे खातो, असे ती म्हणायची. ॲल्युमिनियमचे एक जुने टोप, कुणीतरी विसरून त्यात रात्रभर आगळ ठेवल्यामुळे, आतून खरबरीत झालेले मी पाहिले आहे. भांड्यांच्या बाबतीत घरात इतकी काळजी होती. त्याच रसात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आजीचे, मग आईचे, मग काकूचे हात असत, आणि भांड्यांचा नियम सांगणाऱ्या आजीला हातांसाठी कसलाही नियम कुणी सांगितला नव्हता.

यंदा मी रजा काढून मे महिन्यात आठ दिवस काकूबरोबर बसले. मदत करायची होती हे खरे, पण त्याहून अधिक मला तिचे हात नीट पाहायचे होते. पहिल्या दिवशी मजा वाटली. रतांब्याचा गोडूस-आंबट वास, सावलीतला गारवा, बोटांवर चढणारा तो जांभळट तांबडा रंग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नखांच्या कडांना चुरचुर सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मूठ मिटताना हाताची कातडी कमी पडते आहे असे वाटले. कुणी रात्रीतून ती एक बोटभर आखडून शिवली असावी, इतकी ती ताणलेली होती. चौथ्या दिवशी अंगठ्याच्या टोकाला, नखाच्या कोपऱ्याशी, केसाएवढी पहिली भेग पडली, आणि मिठाचा रस त्या भेगेत शिरला तेव्हा मला हातातले फळ खाली ठेवून उठावे लागले. काकूने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःचा अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर अशा सात भेगा होत्या. कडा पांढुरक्या, टणक, आणि आत रस मुरून काळसर झालेल्या. त्यांतली एक पेराच्या घडीवर होती, बोट वाकवले की उघडायची. तळव्यावर बारीक भुश्यासारखे पापुद्रे होते. रेशीम अडकते ते याच पापुद्र्यांना आणि भेगांच्या टणक कडांना. मी तिचा तळवा माझ्या तळव्यावर घेतला तेव्हा पॉलिश-कागदाची आठवण झाली, आणि ती आठवण झाल्याची मला लाज वाटली.

संध्याकाळी हात धुताना मी आणखी एक गोष्ट पाहिली, जी इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही माझ्या लक्षात आली नव्हती. लाल हातांवर साबण चोळला की तो रंग जात नाही. तो निळसर, मग राखाडी-काळपट होतो. कोकमाचा रंग आंबटात लाल असतो आणि साबणाच्या क्षारात पालटतो, हे शाळेतल्या लिटमसच्या कागदासारखेच आहे. पण काळे पडलेले हात घेऊन देवापुढे दिवा लावायचा, पानात वाढायचे, हे काकूला पटत नाही. म्हणून ती कपडे धुण्याची पावडर घेते, कधी चुलीतली राख घेते, आणि खसखसून हात घासते. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग मुळात सौम्य आम्ल असतो, पीएचच्या मापात साधारण पाच. कोकमाचा रस दोनच्या आसपास, साधा साबण नऊ-दहाच्या घरात, आणि राख तर त्याच्याही पलीकडे. म्हणजे दिवसभर एका टोकाला असलेला हात संध्याकाळी पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाला नेला जातो. सलग सात-आठ आठवडे, दररोज.

माझी एक मैत्रीण त्वचारोगतज्ज्ञ आहे. मी तिला काकूच्या हातांचे फोटो पाठवले आणि रात्री फोनवर बराच वेळ बोलले. तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्या शरीरावर जवळजवळ सर्वत्र तैलग्रंथी असतात, त्या त्वचेला आपोआप थोडेसे तेल पुरवत राहतात. पण तळहात आणि तळपाय येथे त्या नसतात. घामाच्या ग्रंथी तेथे भरपूर, तेलाची एकही नाही. ज्या दोन जागांनी माणूस आयुष्यभर काम करतो, त्याच दोन जागांना स्वतःचे तेल नाही. तेथे कातडी जाड असते, एवढाच काय तो आधार. त्या जाड कातडीची रचना समजावताना मैत्रिणीने भिंतीची उपमा दिली, आणि मला लगेच आमचे चिरेबंदी घर दिसले. वरच्या मृत पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. पाणी आत धरून ठेवण्याचे काम चिऱ्यांपेक्षा चुन्याचे. साबण हा चुना धुऊन नेतो, आम्ल चिरे सैल करते, मीठ आतले पाणी ओढते, ऊन उरलेले वाळवते. हाताला पुन्हापुन्हा पाणी लागणे हेदेखील कोरडेपणाचेच कारण आहे, कारण भिजून फुगलेली कातडी दर वेळी वाळताना आपला थोडा ओलावा गमावते. मला हे ऐकून नवल वाटले. दिवसभर रसात बुडलेल्या हाताला कोरडा म्हणायचे, हे आधी पटतच नव्हते.

ती आणखी म्हणाली की ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी काहींनाच होते. हा इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे त्रासदायक पदार्थाच्या संपर्काने होणारा त्वचादाह. पुरेसे दिवस, पुरेसे तास हात त्या रसात राहिले तर तो कुणालाही होतो. मला चौथ्या दिवशी झाला, हेच त्याचे उदाहरण होते. मग मी काय लावू, असे विचारले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मलम मी लिहून देते, पण त्यांना मलमापेक्षा कोरडे दिवस हवे आहेत. वरची कातडी नव्याने तयार व्हायला महिनाभर तरी लागतो, तळव्याला त्याहून जास्त. रोज रात्री थोडी भिंत बांधायची आणि रोज सकाळी पाडायची, अशाने ती उभी कशी राहील?"

त्या रात्री मला इतर हात आठवत राहिले. आजीचे, पापडांच्या दिवसांतले. उडदाच्या पिठात पापडखार घालून ते कुटताना आणि मळताना ती हाताला तेल लावायची, पण ते तेल पिठात जायचे. पापडांचा घाणा संपेपर्यंत तिच्या बोटांची टोके गुळगुळीत, चकचकीत आणि कोरडी ठणठणीत व्हायची, पोथीचे पान उलटताना तिला बोट जिभेला लावावे लागायचे. पापडखार क्षारधर्मी असतो, हे मला आता कळते. मग शिरोड्याच्या मिठागरातले पाय आठवले. १९३० च्या मे महिन्यात जेथे मिठाचा सत्याग्रह झाला, तीच ही जागा. आमच्या रतांब्यांवर पडणारे मीठ कितीतरी वर्षे तेथूनच येत होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजोबांबरोबर मीठ आणायला गेले होते. कोंडीतल्या पाण्यातून बाहेर आलेला एक म्हातारा बांधावर उकिडवा बसला होता, आणि त्याच्या टाचांच्या भेगांत मिठाचे कण उन्हात चमकत होते. मला ते सुंदर दिसले होते. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांविषयी असे सांगतात की मिठाने कडक झालेली त्यांची पावले चितेवरही जळत नाहीत, ती नंतर वेगळी पुरावी लागतात. ही गोष्ट मी मोठेपणी ऐकली, तेव्हा प्रथम तो बांधावरचा म्हातारा डोळ्यांपुढे आला, आणि आपल्याला ते सुंदर वाटले होते याचा मला फार त्रास झाला.

काजूची गोष्ट तर वेगळीच. काजूच्या टरफलात जे तेल असते ते नुसते कोरडे करत नाही, ते भाजते. गावातल्या कितीतरी मुली काजू फोडायला जायच्या. बोटांना राख चोळून, नाहीतर तेल लावून बसायच्या, तरी त्यांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटून निघायची. आमच्या वर्गातली एक मुलगी पेन्सिल धरताना दोन बोटे उचलून धरायची. तिला अक्षर चांगले काढ म्हणून मार बसलेला मी पाहिला आहे. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, हे विज्ञानाच्या पुस्तकात नंतर वाचले. बिब्बा उततो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, काजूचे मात्र कुणी तसे बोलत नव्हते, कारण काजूवर घर चालत होते.

मी मुंबईहून येताना रबरी हातमोजे नेले होते. काकूने ते आनंदाने घातले, अर्धा तास काम केले, मग काढून कट्ट्यावर ठेवले. मनगटातून रस आत शिरत होता, आत घाम साचत होता, आणि मे महिन्यातल्या त्या उकाड्यात बोटे उकडल्यासारखी पांढरी पडली होती. पण तिचे खरे कारण दुसरेच होते. "मोजे घातल्यार सोलां कळनत नाय हाताक," ती म्हणाली. सुरुवातीला मला ही सबब वाटली. मग मी तिला दुपारी सोले परतताना पाहिले. ती प्रत्येक ओळीतले एखादे सोल उचलते, दोन बोटांत वाकवते आणि टाकते. मोडले तर ऊन जास्त झाले. चिकटले तर अजून ओल आहे, पिशवीत भरले तर बुरशी येईल. या दोहोंच्या मधली जी स्थिती आहे तिला तिच्या भाषेतही नाव नाही. मला आठ दिवसांत ती दोनदाच बरोबर ओळखता आली. काकूची सातही भेगांची बोटे ती एका स्पर्शात ओळखतात. सगळ्या गावात तिचे आमसूल दोन वर्षे टिकते म्हणतात, ते याच बोटांमुळे. तिला हातमोजे घाला असे सांगणे म्हणजे तिचे कसब काढून ठेवायला सांगणे आहे, हे मला त्या कट्ट्यावर पडलेल्या मोज्यांकडे पाहताना समजले, आणि तरीही तिने ते घालावेत असे मला वाटतच राहिले.

या सगळ्याचा उतारा त्याच फळात आहे. सोलांची गडबड संपली की उरलेल्या बिया धुऊन वाळवतात, फोडून आतला गर काढतात, तो कुटून पाण्यात उकळतात. वर जे तेल तरंगते ते काढून घेतले की निवताना ते पांढुरके, मेणासारखे घट्ट होते. मग त्याचे मुठीत दाबून गोळे करतात, म्हणून ते मुठेल. गोव्यात कोकमाला भिरंड म्हणतात, म्हणून तिकडे ते भिरंडेल. स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन मेदाम्ले मिळून त्याचा बहुतेक भाग बनतो. म्हणूनच ते कोकणच्या उन्हाळ्यातही फळीवर घट्ट राहते आणि जरा ऊब लागली की पाझरते. प्रत्येक गोळ्यावर तो वळणाऱ्या बाईच्या चार बोटांचे खळगे असतात. आजीचे हात लहान होते, तिच्या गोळ्यांवरचे खळगे जवळजवळ असायचे. ती गेली त्या वर्षी तिने वळलेला एक गोळा फडताळात तसाच राहिला होता. मी त्या खळग्यांत माझी बोटे ठेवून पाहिली होती, ती बसली नव्हती.

रात्री जेवणे आवरल्यावर काकू चुलीजवळ बसते. पळीत मुठेलाचा तुकडा घेते, निखाऱ्यावर धरते, आणि तो वितळला की बोटांच्या भेगांत एकेक थेंब सोडते. गरम थेंब आत जाताना तिचे डोळे क्षणभर मिटतात. मग ती जुन्या सुती लुगड्याची चिंधी अंगठ्याला गुंडाळते आणि झोपते. सकाळी चिंधी सोडली की भेग सांधल्यासारखी दिसते, कडा मऊ झालेल्या असतात. आठ वाजता ती पुन्हा सुपापुढे बसते आणि नऊ वाजेपर्यंत भेग पुन्हा उघडलेली असते. मैत्रिणीचे शब्द मला तेव्हा अक्षरशः दिसले. पूर्वी घरात बियांचे तेल भरपूर निघायचे. आता बिया टेंपो घेऊन येणारा व्यापारी किलोवर नेतो, रोख पैसे देतो, आणि काकू स्वतःपुरते दोन-तीन गोळे होतील एवढ्याच बिया मागे ठेवते. मुंबईत माझ्या स्नानगृहात हाताला लावायच्या क्रीमची एक डबी आहे, तिच्यावर घटकांच्या यादीत कोकम बटर लिहिलेले आहे. ती मी कित्येक महिने वापरत होते. तिची किंमत मी काकूला सांगितलेली नाही.

गावी असताना एका सकाळी काकूबरोबर रेशनच्या दुकानात गेले. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. दुकानदाराने तो पुसायला लावला, पुन्हा ठेवायला लावला, मग मधले बोट, मग डावा हात. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी न सांगता आपल्या करंगळ्या पदराने पुसायला घेतल्या. "मे म्हयन्यात असाच होता," काकू म्हणाली. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ कोणत्या मातीतले आहे, याची नोंद झाली, आणि मला त्याचा अभिमानच आहे. ज्या अंगठ्याने ते फोडले जाते त्याच्या रेषा मात्र हंगामभर कुठेच नोंदल्या जात नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये, रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाचा समावेश केला गेला. पण शेणाने सारवलेले खळे म्हणजे कारखाना नव्हे, आणि रतांब्याच्या रसाला रसायन म्हणावे असे कुणाच्या मनातही येणार नाही. स्वतः काकूच्याही नाही. तिला विचारले तर ती सांगेल की तिला कसलाही आजार नाही, वय झाले आहे.

शेवटच्या तीन दिवसांत आम्ही दोन लहान बदल करून पाहिले. साली हाताने बुडवण्याऐवजी भोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत भरून टोपलीच पिंपात बुडवायची, वर घ्यायची, निथळवायची. हे काम करताना कसबाची गरज नसते, त्यामुळे तेवढ्यापुरते काकूने मोजेही घातले, आत सुती मोजे आणि वर रबरी. आणि संध्याकाळी पावडर किंवा राख न वापरता साध्या पाण्याने हात धुवायचे, टिपायचे, ओलसर असतानाच मुठेल चोळायचे. पहिली गोष्ट तिने सहज स्वीकारली. दुसरी जड गेली. हात लाल-काळे राहत होते, आणि शेजारीण हळद-कुंकवाची वाटी मागायला आली तेव्हा काकूने ती मला द्यायला सांगितली. भेगा सहन करणे तिला जमत होते. डाग दिसणे जमत नव्हते. माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. मी निघाले त्या दिवशी तिच्या अंगठ्यावर पाच भेगा होत्या. मी मोजल्या, आणि ती हसली. हंगामाला अजून दहा दिवस बाकी होते.

मिरग लागला, सोले पिशव्यांत भरली गेली, काकू लावणीच्या चिखलात उतरली. चिखलही हातापायांना खातो, पण तो रसाइतका आम्ल नसतो, त्यात मीठ नसते. श्रावणात फोनवर मी हातांविषयी विचारले तर ती म्हणाली की आता बरे आहेत, आणि लगेच गणपतीवर टांगायच्या माटवीचे सामान विचारू लागली.

गणपतीला मी गेले. बहीणही सासरहून आली होती, आणि पाचव्या दिवशीच्या आरतीला ती तो शालू नेसली. रात्री गणपती पोहोचवून सगळे परतले, चहा झाला, आणि तिने शालू सोडून माझ्या मांडीवर ठेवला. माजघरात आम्ही तिघीच होतो. मी एक टोक धरले आणि काही न बोलता दुसरे मोकळे सोडले. काकू उठून न्हाणीघरात गेली, हात धुऊन आली, पंचाने पुसले. मग तिने आपला उजवा तळवा आधी आपल्याच गालावरून फिरवून पाहिला. माझ्यासमोर बसली, आणि टोक हातात घेतले. आम्ही काठाला काठ जुळवला. पहिली घडी पडली, दुसरी पडली; मी श्वास रोखून ऐकत होते, बाहेर बेडकांचा आवाज होता, रेशमाचा फक्त नेहमीचा सळसळाट होता. सुरकुत्या काढायला ती हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने कापड सारखे करत होती, जणू ती नेहमीच असे करत आली होती. तिसऱ्या घडीला, पदराची जर आली तेथे, तो बारीक आवाज पुन्हा झाला. काकू थांबली. अंगठा उजेडात धरून तिने पेराकडे पाहिले, तो मुठीत दुमडून घेतला, आणि उरलेली घडी चार बोटांनी घातली.